तार बाजूला केल्यावर

शालेय पुस्तकांत विजेच्या चुंबकत्वाची गोष्ट एका वाक्यात उरकलेली असते: १८२० साली कोपनहेगनच्या हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी तारेतून वीज सोडली, शेजारची चुंबकसूची हलली, आणि विद्युतभार हलला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते हे जगाला कळले. या वाक्याचा पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग त्या वर्षी कोणालाच कळला नव्हता, खुद्द ओर्स्टेड यांनाही नाही. वीज वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकत्व असते, हे एक विधान. विद्युतभार नुसता इकडून तिकडे नेला तरी चुंबकत्व निर्माण होते, मग तिथे तार असो वा नसो, हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे आपोआप निघत नाही. तारेत नेमके काय चालले आहे, तिथे काही सरकते आहे की नाही, सरकत असेल तर एका दिशेने की दोन्ही दिशांनी, हे ठाऊक नसताना सूची हलल्याचे श्रेय ‘गती’ला देता येत नाही. ते धातूला, उष्णतेला किंवा तारेतल्या दुसऱ्याच एखाद्या घडामोडीला देता येते, आणि तसे ते दिले गेलेही. पहिल्या विधानापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला ५६ वर्षे लागली, आणि पोचल्यावरही त्यावर आणखी २७ वर्षे शंका घेतली जात होती. इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या नात्याचा इतिहास मांडायचा तर त्याचा कणा ओर्स्टेड यांच्या सूचीपेक्षा १८७६ साली बर्लिनमध्ये फिरवलेल्या एका एबोनाइटच्या चकतीत शोधावा लागतो, असे माझे म्हणणे आहे.

ओर्स्टेड यांच्या बाजूने आधी पाहू. २१ जुलै १८२० या तारखेची त्यांची लॅटिन पुस्तिका जेमतेम चार पानांची आहे. तांब्याच्या वीस चौकोनी पेट्यांची घटमाला, तिची दोन टोके जोडणारी तार, आणि तारेखाली उत्तर-दक्षिण स्थिरावलेली चुंबकसूची, एवढाच सरंजाम. तार सूचीच्या वर धरली तर सूची एका बाजूला वळते, खाली धरली तर उलट बाजूला. मध्ये काच, लाकूड, धातू, पाणी, राळ किंवा दगड आणला तरी परिणाम थांबत नाही. यावरून ओर्स्टेड यांनी अचूक निष्कर्ष काढला की हा परिणाम तारेभोवती वर्तुळाकार पसरलेला आहे. पण हे का होते, याचे त्यांनी दिलेले उत्तर आज वाचले तर त्यांच्या मनातले चित्र किती निराळे होते ते दिसते. त्यांच्या मते तारेत धन आणि ऋण या दोन विद्युतशक्तींचा संघर्ष चालतो, तो तारेबाहेरही सांडतो, आणि त्यातला ऋण अंश सूचीच्या उत्तर ध्रुवाला तर धन अंश दक्षिण ध्रुवाला उलट फिरकीने ढकलतो. या चित्रात विद्युतभाराचा वेग नावाची राशीच नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांनी मुद्दाम बारीक, तापून लाल होणारी तार घेतली होती, कारण उष्णता आणि प्रकाश जसे तारेतून बाहेर पडतात तसेच चुंबकत्वही पडत असावे अशी त्यांची कल्पना होती. त्यांच्या शोधाचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. मात्र जे त्यांनी पाहिले आणि जे आपण त्यांच्या नावावर घालतो, त्यांत अंतर आहे.

ही बातमी पॅरिसला पोचली ती फ्रांस्वा अरागो यांच्यामार्फत. ४ सप्टेंबरला त्यांनी ती विज्ञान अकादमीपुढे सांगितली, ११ सप्टेंबरला प्रयोग करून दाखवला, आणि आठवडाभरात, १८ सप्टेंबरला, आंद्रे-मारी अँपिअर आपला पहिला निबंध घेऊन उभे राहिले. लवकरच त्यांनी दाखवून दिले की एकाच दिशेने वीज वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात आणि उलट दिशेने वाहणाऱ्या ढकलतात. चुंबकाची गरजच नाही. चुंबक म्हणजे तरी काय, तर पदार्थाच्या कणाकणात अखंड फिरणारे इवलेसे प्रवाह, अशी झेप त्यांनी घेतली. प्रवाह म्हणजे वाहणारी वीज असे ते मानत होते खरे. पण ते मानणे होते, पुरावा नव्हता. पुढे गुस्टाव्ह फेख्नर यांनी तारेतून धन आणि ऋण वीज सारख्याच वेगाने समोरासमोर धावते असे गृहीत धरले, आणि त्यावर विल्हेल्म वेबर यांनी १८४६ मध्ये गतिमान भारांमधल्या बलाचा नियम उभा केला. उलट मायकेल फॅरेडे प्रवाहाला वस्तू मानायलाच कचरत. तरीही १८३८ मध्ये त्यांनी एका परिच्छेदात लिहून ठेवले की खोलीच्या मधोमध भारित केलेला गोळा हलवला तर त्या दिशेने प्रवाह वाहिल्यासारखेच परिणाम व्हायला हवेत. आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल? १८७३ च्या आपल्या महाग्रंथात त्यांनी स्पष्टच म्हटले की विद्युतप्रवाह हा खरोखर एखाद्या द्रव्याचा प्रवाह आहे की दुहेरी प्रवाह, त्याचा वेग प्रचंड आहे की नगण्य, याचा कोणताही प्रायोगिक पुरावा आपल्याजवळ नाही. विद्युतचुंबकत्वाची समीकरणे ज्यांनी लिहिली त्यांची, ओर्स्टेड यांच्यानंतर ५३ वर्षांनी, ही साक्ष आहे. १८२० मध्येच सगळे उमगले होते असे म्हणणाऱ्याने आधी मॅक्सवेल यांना खोटे पाडले पाहिजे.

त्याच ग्रंथात मॅक्सवेल यांनी प्रयोगाची वाटही सुचवली होती. भारित पृष्ठभाग पुरेशा वेगाने सरकवला तर तो प्रवाहासारखा वागेल आणि सूची हलेल. पण परिणाम अतिशय सूक्ष्म असेल, असे त्यांचे गणित सांगत होते. सूक्ष्म का, ते समजून घेण्यासारखे आहे. वेबर आणि रुडॉल्फ कोलराउश यांनी १८५६ मध्ये विद्युतभाराच्या स्थिर एककाचे चुंबकीय एककाशी असलेले गुणोत्तर मोजले होते. ते एका वेगाच्या रूपात येते: सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ प्रकाशाचाच वेग. भारित वस्तूचा चुंबकीय परिणाम तिचा वेग या वेगाच्या किती पट आहे त्यावर ठरणार. हाताने फिरवलेल्या चाकाचा किंवा पट्ट्याने पळवलेल्या चकतीचा वेग त्यापुढे काय असणार?

हे आव्हान स्वीकारणारा माणूस बर्लिनचा नव्हता आणि नावाजलेलाही नव्हता. हेन्री ऑगस्टस रोलँड हे पेनसिल्व्हेनियातल्या होन्सडेल गावचे, जन्म १८४८ चा, शिक्षणाने स्थापत्य अभियंता. ट्रॉय इथल्या रेन्सलिअर संस्थेत विद्यार्थी असतानाच, १८६८ मध्ये, या प्रयोगाची कल्पना त्यांनी आपल्या वहीत टिपून ठेवली होती. म्हणजे मॅक्सवेल यांचा ग्रंथ यायच्या आधी पाच वर्षे. लोखंडाच्या चुंबकशीलतेवरचा त्यांचा निबंध अमेरिकेतल्या नियतकालिकाने परत पाठवला, तेव्हा तो त्यांनी थेट मॅक्सवेल यांना पाठवला, आणि मॅक्सवेल यांनी तो लंडनमध्ये छापवून आणला. त्या जोरावर बाल्टिमोरला उभ्या राहत असलेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली आणि प्रयोगशाळेची सामग्री पाहायला-घ्यायला ते १८७५ मध्ये युरोपात आले. बर्लिनला हेरमान हेल्महोल्ट्झ यांच्याकडे त्यांनी आपली वही उघडली. त्या वेळी हेल्महोल्ट्झ वेबर यांच्या नियमाशी, मॅक्सवेल यांच्या सिद्धांताशी आणि स्वतःच्या सूत्रांशी एकाच वेळी झुंजत होते. न बंद होणाऱ्या प्रवाहांचे काय होते हा त्यांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होता. अमेरिकेतून आलेल्या या तरुणाला त्यांनी जागा दिली आणि साधनेही.

उपकरण असे होते. २१.१ सेंटिमीटर व्यासाची, अर्धा सेंटिमीटर जाडीची एबोनाइटची चकती, दोन्ही बाजूंनी सोन्याचा मुलामा दिलेली, उभ्या आसावर बसवलेली. तिच्या वर आणि खाली, अवघ्या ०.६ सेंटिमीटरवर, सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेच्या स्थिर चकत्या. विद्युतभार साठवणाऱ्या लायडन बरण्यांच्या मालेतून मधल्या चकतीला भार द्यायचा आणि ती सेकंदाला ६१ फेऱ्यांनी फिरवायची. तिच्या काठाचा वेग होतो सेकंदाला सुमारे ४० मीटर. प्रकाशाच्या वेगाच्या एक कोटीव्या भागाहून किंचित जास्त. वर काठाजवळ दीड सेंटिमीटर लांबीची चुंबकसूची, तिच्यापासून सुमारे १८ सेंटिमीटर उंचीवर तिच्याशी जोडलेली दुसरी उलट ध्रुवांची सूची, म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व दोघींवर जवळपास सारखे आणि विरुद्ध पडून उरते ते फक्त चकतीचे. सगळे पितळी नळीत बंद, कारण चकतीवरच्या स्थिर विजेने सूची ओढली गेली तर प्रयोगच व्यर्थ. सूचीवर आरसा, आणि दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून त्या आरशात दिसणारी मोजपट्टी. मला या प्रयोगात सर्वांत हृद्य वाटते ती ही मोजपट्टी. चकती फिरते आहे. रोलँड दुर्बिणीला डोळा लावून आहेत. चकतीचा भार धनाचा ऋण केला जातो, आणि पट्टीवरची खूण पाच ते साडेसात मिलिमीटर सरकते. पुन्हा भार उलटा, पुन्हा खूण परत. त्या क्षेत्राची तीव्रता पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय घटकाच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी होती. आजच्या एककांत हिशेब केला तर फिरत्या भाराचा तो प्रवाह अँपिअरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी भरतो. एवढ्या अल्प परिणामाची रोलँड यांनी नुसती दिशा पाहिली नाही, तर त्याचे मापही घेतले, आणि ते गणिताने आलेल्या आकड्याशी थोड्याच टक्क्यांच्या फरकाने जुळले. हेल्महोल्ट्झ यांनी १८७६ मध्येच बर्लिनच्या अकादमीपुढे त्याचा वृत्तांत मांडला. रोलँड यांचा स्वतःचा निबंध १८७८ मध्ये आला.

या प्रयोगावर घेता येतील असे आक्षेप त्या काळच्या जाणकारांना चांगलेच ठाऊक होते. पहिला अरागो यांच्याच शोधातून येतो. १८२४ मध्ये त्यांनी दाखवले होते की तांब्याची चकती नुसती फिरवली तरी जवळची चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते. तिथे बाहेरून दिलेल्या भाराचा काही संबंध नसतो. मग रोलँड यांची सूची धातूच्या फिरत्या भागांमुळे हलली नसेल कशावरून? उत्तर भाराच्या उलटापालटीत आहे. चकतीचा वेग आणि दिशा तशीच ठेवून फक्त भाराचे चिन्ह बदलले की सूचीचे विचलन उलटते. अरागो यांचा परिणाम भाराकडे पाहतच नाही, म्हणून तो या हिशेबातून आपोआप वजा होतो. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सोन्याचा मुलामा म्हणजे धातूच. चकती फिरत असताना तिच्यावरचा भार तिच्याबरोबर फिरतो, की समोरच्या स्थिर काचेच्या ओढीने जागच्या जागी राहतो आणि चकती त्याच्याखालून निघून जाते? आणि तो फिरत असला तरी मुलाम्यात नेहमीसारखे वहनाचे प्रवाह निर्माण होऊन सूची त्यांनी हलत असेल तर? तसे असेल तर आपण तार काढलीच नाही, फक्त तिला चकतीचा आकार दिला. रोलँड यांनी मुलामा त्रिज्यांच्या रेषांत खरवडून टाकला, म्हणजे सोन्याचे एकमेकांपासून तुटलेले पाकळ्यांसारखे भाग उरले आणि चकतीभोवती विजेला धातूतून वाट राहिली नाही. परिणाम तसाच राहिला. खरवडलेल्या त्या रेषांनी तार बाजूला केली, आणि उरला तो केवळ वाहून नेलेला भार.

यावर कोणी म्हणेल की मॅक्सवेल यांच्या समीकरणांत हे आधीच होते, फॅरेडे यांनी ते ओळखलेच होते, वेबर यांच्या नियमात तर ते गृहीतच होते. मग रोलँड यांनी नवे काय केले? शिवाय हेल्महोल्ट्झ यांनी प्रामाणिकपणे नोंदवले की हा निकाल वेबर यांच्या नियमाशी जुळतो, मॅक्सवेल यांच्याशी जुळतो, आणि मधल्या अवकाशाचे ध्रुवीकरण धरले तर त्यांच्या स्वतःच्या सूत्रांशीही जुळतो. तीन परस्परविरोधी सिद्धांतांतून एकही बाद न करणारा प्रयोग निर्णायक कसा म्हणायचा? मला वाटते, या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. सिद्धांत बदलले तरी जी गोष्ट बदलत नाही तीच रोलँड यांनी हाती लागू दिली. वेबर यांचा नियम पुढे मागे पडला, हेल्महोल्ट्झ यांची सूत्रे इतिहासजमा झाली, मॅक्सवेल यांची समीकरणे टिकली पण त्यांमागची ईथरची कल्पना गेली. या सगळ्या पडझडीत, वाहून नेलेला भार म्हणजे प्रवाह आणि त्याला चुंबकत्व असते, हे वाक्य जसेच्या तसे उभे राहिले. आणि ‘अपेक्षित’ असणे म्हणजे ‘सिद्ध’ असणे नव्हे, याचा धडा पंचवीस वर्षांतच पॅरिसने दिला.

१९०० मध्ये सोरबॉनमधल्या गाब्रिएल लिपमान यांच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर क्रेम्यू यांनी हा प्रयोग नव्या उपकरणांनी केला आणि निकाल आला शून्य. सूची हलली नाही. त्यांनी तो वेगवेगळ्या रीतींनी पुन्हा केला, तरी शून्य. क्रेम्यू हे कच्चे प्रयोगकर्ते नव्हते आणि त्यांचा पाठपुरावा हेन्री पोआंकारे यांच्यासारखा गणिती लक्ष देऊन करत होता. पोआंकारे यांना हे दिसत होते की क्रेम्यू बरोबर असतील तर लोरेन्ट्झ यांच्या इलेक्ट्रॉन सिद्धांतासह त्या काळची सगळी विद्युतगतिकी पायापासून ढासळते. इकडे बाल्टिमोरला रोलँड यांनी आपला विद्यार्थी हॅरॉल्ड पेंडर याला तोच प्रयोग नव्याने करायला बसवले. पेंडर यांना परिणाम स्वच्छ मिळाला. पण एप्रिल १९०१ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, रोलँड वारले, आणि अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर ‘आहे’ आणि दुसऱ्यावर ‘नाही’ अशी स्थिती उरली. तोड निघाली ती शहाणपणाची: १९०३ च्या सुरुवातीला पेंडर आपली उपकरणे घेऊन पॅरिसला गेले आणि दोघांनी शेजारी शेजारी काम केले. पेंडर यांच्या यंत्रावर सूची पॅरिसमध्येही हलली. मग क्रेम्यू यांच्या यंत्राची तपासणी झाली आणि दोष सापडला तो त्यांच्या चकत्यांवर चढवलेल्या रबर, अभ्रक अशा विद्युतरोधक थरांत. ठिणग्या उडू नयेत म्हणून दिलेले हे थर भार शोषून धरत होते, आणि म्हणून हलणारा भार वाटला होता तेवढा उरतच नव्हता. थर काढल्यावर क्रेम्यू यांच्या यंत्रानेही परिणाम दाखवला. दोघांनी मिळून निकाल प्रसिद्ध केला. क्रेम्यू यांना हसण्याची इतिहासकारांची रीत मला मान्य नाही. शंका घेण्याइतका हा परिणाम बारीक होता, आणि त्यांनी ती घेतली नसती तर या नात्याचा पाया एकाच माणसाच्या हातोटीवर उभा राहिला असता.

दरम्यान या नात्याची दुसरी बाजूही उघड होत होती: हलणारा भार क्षेत्र निर्माण करतो तसा क्षेत्रात शिरल्यावर स्वतः बल अनुभवतो. मॅक्सवेल यांनी ग्रंथात म्हटले होते की चुंबकाचे बल तारेवर पडते, तारेतल्या प्रवाहावर नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये रोलँड यांचे विद्यार्थी एडविन हॉल यांना हे विधान पटेना. रोलँड यांनाही त्याबद्दल शंका होतीच. ऑक्टोबर १८७९ मध्ये हॉल यांनी काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खातून प्रवाह सोडला, वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला, आणि वर्खाच्या आडव्या कडांमध्ये विद्युतदाब मिळाला. म्हणजे वर्ख जागच्या जागी असताना त्याच्या आतले काहीतरी बाजूला ढकलले जात होते. लोखंडाच्या बाबतीत हा दाब उलट चिन्हाचा आला, आणि त्या कोड्याचा उलगडा व्हायला पुंजयामिकी यावी लागली. निर्वात नळीतल्या कॅथोड किरणांचे तसेच झाले. ते चुंबकाने वळतात हे १८५८ पासून माहीत होते, तरी हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८३ मध्ये बर्लिनलाच केलेल्या प्रयोगांतून निष्कर्ष काढला की या किरणांना स्वतःचे चुंबकत्व दिसत नाही आणि ते विद्युत बलाने वळत नाहीत. अर्थात ते भारित कण नसावेत. नळीतला उरलेला वायू मध्ये येऊन विद्युत बल झाकतो, हे जे. जे. थॉमसन यांनी ओळखले. १८९७ मध्ये निर्वात वाढवून त्यांनी किरण विद्युत क्षेत्रानेही वळवले, आणि दोन्ही विचलनांच्या तुलनेतून कणाचा वेग आणि त्याच्या भाराचे वस्तुमानाशी गुणोत्तर काढले. इलेक्ट्रॉन सापडला तो अशा रीतीने, चुंबकीय क्षेत्रात वळणारा भार म्हणून. त्या किरणांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र मात्र अब्राम योफे यांनी दाखवले १९११ मध्ये, आणि हर्ट्झ यांची शेवटची शंका मिटली.

तार नसलेला प्रवाह निसर्गात आधीपासून होताच, आणि त्याची एक विलक्षण नोंद आपल्या मुंबईची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. २ सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय महावादळात तिथल्या आडव्या घटकाची घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला इतकी नोंदली गेली. रोलँड यांनी मोजलेल्या परिणामाच्या जवळजवळ पाच हजार पट. सूर्याकडून आलेल्या भारित कणांच्या लोंढ्याने पृथ्वीभोवतीच्या अवकाशात वाहू लागलेल्या प्रवाहांची ती खूण होती. नोंद करणाऱ्यांना हे कळायला मार्ग नव्हता. इलेक्ट्रॉन सापडायला अजून ३८ वर्षे होती. आणि पुढे मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालवायचे ठरले तेव्हा संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्यापुढे प्रश्न आला की ट्रामच्या प्रवाहांनी कुलाब्याच्या सूच्या बिघडणार. म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला गेली, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ समांतर घेऊन जुनी मालिका नवीशी सांधली गेली. ती मालिका अजून चालू आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. हलणारा भार म्हणायचे, पण कोणाच्या दृष्टीने हलणारा? रोलँड यांच्या चकतीवर बसलेल्या मुंगीला भार स्थिरच दिसणार. चकती फिरणारी असल्याने तिथे आणखी गुंतागुंत आहे, म्हणून सरळ रेषेतली गती घेऊ. तारेच्या शेजारून एखादा इलेक्ट्रॉन तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्याच वेगाने धावत असेल तर त्याच्या दृष्टीने ते स्थिर, आणि मागे सरकतात ते धातूचे धन अणू. मग चुंबकीय बल कुठून आले? आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या निबंधाची सुरुवात याच जातीच्या प्रश्नाने होते: चुंबक हलवला काय आणि तारेचे वेटोळे हलवले काय, प्रवाह तोच मिळतो, पण स्पष्टीकरणे मात्र दोन दिली जातात. सापेक्षतेने दाखवले की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र ही एकाच वस्तूची दोन दर्शने आहेत. पाहणारा बदलला की वाटणी बदलते. त्या धावत्या इलेक्ट्रॉनला तारेतल्या धन आणि ऋण भारांची दाटी किंचित वेगळी भासते आणि तो जे बल अनुभवतो ते त्याच्या लेखी विद्युत बलच असते. हा फरक किती सूक्ष्म? एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर वाहत असेल तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी वेग सेकंदाला मिलिमीटरच्या दशांशाहूनही कमी असतो, आणि दाटीतला फरक येतो तो एकावर पंचवीस शून्ये मांडून होणाऱ्या संख्येतला एखादा अंश. पण त्या तारेच्या एका मीटरमध्ये मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा भार सुमारे १३,६०० कूलोम असतो, आणि या अवाढव्य भाराने गुणल्यावर तो फरक सूची हलवण्याइतका होतो. रोलँड यांच्याकडे वेग होता पण भार नगण्य. तारेकडे वेग नगण्य पण भार अफाट. दोन्हीकडे नियम एकच.

तारेत खरोखर इलेक्ट्रॉनच सरकतात याचा थेट पुरावा मात्र १९१६ पर्यंत थांबला. कॅलिफोर्नियात रिचर्ड टोलमन आणि डेल स्ट्यूअर्ट यांनी तारेचे वेटोळे जोरात फिरवून एकाएकी थांबवले. तार थांबली तरी आतले वाहक जडत्वाने पुढे गेले, आणि घट न जोडताच प्रवाहाचा एक झटका मापकावर दिसला. त्यावरून निघालेले भाराचे वस्तुमानाशी गुणोत्तर ऋण चिन्हाचे आणि इलेक्ट्रॉनच्या जवळपास होते. पण याच दशकात अँपिअर यांच्या जुन्या झेपेला, चुंबक म्हणजे कणाकणातले फिरते प्रवाह या कल्पनेला, धक्का बसला. नील्स बोर यांनी १९११ च्या प्रबंधात आणि हेन्ड्रिका व्हान लेउवेन यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले की जुन्या यामिकीच्या नियमांनी फिरणारे भार कितीही घेतले तरी समतोलातल्या पदार्थाला चुंबकत्व येऊच शकत नाही. सगळे परिणाम एकमेकांना तंतोतंत कापतात. लोखंडाचे चुंबकत्व मुख्यतः येते ते इलेक्ट्रॉनच्या अंगभूत फिरकीतून, आणि १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी मांडलेली ही फिरकी कुठल्याही गोळ्याचे प्रत्यक्ष फिरणे नाही. तशी ती मानली तर इलेक्ट्रॉनच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून सगळे चुंबकत्व हलणाऱ्या भारापासून येते असे आज कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही. रोलँड यांच्या चकतीने सिद्ध केले ते एवढेच, की भार हलला की चुंबकत्व येते. चुंबकत्व आहे तिथे भार हललाच पाहिजे, हे ना तिने सिद्ध केले, ना रोलँड यांनी तसा दावा केला. फिरकीच्या चुंबकत्वाचे मूल्य १९२८ मध्ये पॉल डिरॅक यांच्या समीकरणातून बाहेर पडले, आणि ते समीकरण पुंजयामिकी व सापेक्षता यांना एकत्र आणल्याशिवाय लिहिताच येत नव्हते.